मत्स्यटाकीतील वनस्पतींना किती प्रकाश द्यावा?

प्रयोगशाळेतील काचेच्या टाकीत मासे सोडले की मुलांचे पहिले कुतूहल माशांविषयी असते. टाकीत पाणवनस्पती लावल्या की मात्र प्रश्न दिव्याकडे वळतो. किती वॅटचा दिवा घ्यावा, असे विद्यार्थी विचारतात, आणि दुकानदार बहुधा मोठ्यातला मोठा दिवा पुढे करतो. आमच्या मते या प्रश्नाची मांडणीच बदलावयास हवी. वॅट हे दिव्याने खाल्लेल्या विजेचे माप आहे, त्याने दिलेल्या प्रकाशाचे नव्हे. आणि वनस्पतीला केवळ प्रकाश पुरेसा नसतो.

ही दुसरी गोष्ट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1779 मध्ये यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे जमतात आणि अंधारात ते थांबतात, असे दाखवून दिले. उपड्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून आपण वर्गात जो प्रयोग करतो, तो याच निरीक्षणाचा वंशज होय. पुढे 1782 मध्ये जिनिव्हाच्या झां सेनेबिए यांनी आणखी एक पायरी चढली. पाणी उकळून त्यातील कार्बन डायऑक्साइड घालविला, तर भरपूर ऊन असूनही पाने बुडबुडे सोडीत नाहीत, हे त्यांनी नोंदविले. 1905 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी याला नियमाचे रूप दिले : प्रकाश, कार्बन डायऑक्साइड व तापमान यांपैकी जो घटक सर्वांत तोकडा असेल, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवितो. तोकडा घटक तसाच ठेवून दुसरा कितीही वाढविला तरी वेग वाढत नाही.

साध्या टाकीत तोकडा घटक कोणता? बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात तो लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर सिलिंडरमधून वायू सोडणारे हौशी लोक तो 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. या दोन टाक्यांना एकच दिवा कसा चालेल? पहिल्या टाकीवर प्रखर दिवा लावला, तर वाढीव प्रकाशाचा उपयोग लावलेल्या वनस्पतींना करता येत नाही. तो थोडक्यात भागणाऱ्या शेवाळाच्या पथ्यावर पडतो. दोनतीन दिवसांत काचेवर हिरवी पूड धरते आणि पानांच्या कडांवर केसांसारखे तंतू दिसू लागतात. म्हणून दिवा निवडण्यापूर्वी वनस्पती निवडाव्यात, आणि वनस्पती निवडण्यापूर्वी आपण पाण्याला काय पुरवू शकतो ते ठरवावे. वायूचा सिलिंडर निवासी शाळेत आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च सोडला तरी वायू जास्त सुटला तर मासे गुदमरतात, आणि रात्री त्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते.

सिलिंडर नसेल तर जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, वॅलिस्नेरिया आणि आपली ओळखीची हायड्रिला या वनस्पती घ्याव्यात. त्यांना मंद ते मध्यम प्रकाश पुरतो. लालसर पानांच्या रोटालासारख्या जाती चित्रांत मोहक दिसतात. परंतु तो रंग टिकविण्यास प्रखर प्रकाश, वायू व खते ही तिन्ही लागतात. त्यांचा मोह टाळावा.

आता मापाकडे येऊ. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले ल्युमेन हे मानवी डोळ्याच्या सोयीचे माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील, तर वनस्पती 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातील सर्वच प्रकाश, त्यातही लाल व निळा, अधिक वापरते. या पट्ट्यात एका चौरस मीटरवर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. त्याला संक्षेपाने ‘पार’ म्हणतात. वर सांगितलेल्या सोशिक वनस्पतींना टाकीच्या तळाशी सुमारे 30 पार पुरे होतात. 50 च्या पुढे गेल्यास वायू व खते यांची मागणी वाढत जाते. भर दुपारच्या उन्हात हा आकडा 2000 च्या घरात असतो, एवढे लक्षात घेतले म्हणजे टाकी खिडकीच्या उन्हात का ठेवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

पार मोजण्याचे उपकरण महाग असते. पण पांढऱ्या एलईडीसाठी सुमारे 70 लक्स म्हणजे 1 पार असा ढोबळ हिशेब चालतो, आणि लक्स मोजणारे ॲप मोबाइलवर मिळते. टाकीत पाणी भरण्यापूर्वी मोबाइल कोरड्या तळावर उताणा ठेवावा, वर दिवा लावावा आणि मध्यभागी व चारही कोपऱ्यांत आकडा वाचावा. 2000 लक्सच्या आसपास वाचन आले तर दिवा योग्य आहे. मोबाइलचे वाचन थोडे इकडेतिकडे होते. तरी मध्य आणि कोपरा यांतील फरक ते विश्वासाने दाखविते. आमच्या दृष्टीने हा सातवी-आठवीच्या मुलांनी स्वतः करावयाचा उत्तम प्रयोग आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपल्या वहीतील पाच आकडे अधिक बोलके असतात.

खरेदीपूर्वीचा अंदाज मात्र ल्युमेनवरच बांधावा लागतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत, खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता, सुमारे 40 लिटर पाणी राहते. मंद प्रकाशासाठी लिटरमागे 10 ते 20 ल्युमेन धरले तर 400 ते 800 ल्युमेन लागतात. चांगला एलईडी दिवा वॅटमागे सुमारे 100 ल्युमेन देतो. म्हणजे खाली तोंड असलेली 8 वॅटची पट्टी पुष्कळ झाली. रोज आठ तास लावली तरी महिन्याला दोन युनिटही वीज लागत नाही. टाकी दीड फूट खोल असेल तर थोडा जोरकस दिवा घ्यावा, कारण खाली जाताना प्रकाश पसरतो. 6500 केल्व्हिनचा पांढरा रंग पाहावयास प्रसन्न वाटतो, म्हणून तो घ्यावा. गुलाबी-जांभळ्या दिव्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दिवा आधीच प्रखर घेतला गेला असेल तर तो फेकू नये. तो पाण्यापासून वीतभर उंच बांधावा, अथवा काचेच्या झाकणावर मच्छरदाणीच्या कापडाची एक-दोन पदरी घडी पसरावी. नव्या टाकीत पहिले तीन आठवडे सहा तास आणि मुळे धरल्यावर आठ तास प्रकाश पुरेसा होतो. वेळ पाळण्याचे काम टायमरकडे द्यावे. वसतिगृहात दिवा बंद करण्याची जबाबदारी सर्वांची असली म्हणजे ती कोणाचीच नसते. पुढची दुरुस्ती वनस्पतीच सांगतात. देठ लांबट होऊन पानांतील अंतर वाढले, खालची पाने गळू लागली, तर दिवा थोडा खाली आणावा. काचेवर हिरवे लवकर धरू लागले, तर आधी एक तास कमी करावा आणि दोन आठवडे थांबून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळत नाही.

विजेबाबत शिथिलता नको. दिवा व पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असावे. दिव्याची वायर प्लगपेक्षा खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच गळते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा आणि हे काम मुलांनी शिक्षकांच्या देखतच करावे. दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीत टायमर सहा तासांवर आणावा. खत देणे थांबलेले असते, तेव्हा प्रकाशही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो.