एक प्रतिमा, चाळीस तज्ज्ञ

एकच खातेवही दोन हिशेबतपासनिसांनी पाहिली, तर बेरीज एकच यावयास हवी. रोगनिदानात मात्र नेहमीच तसे घडते असे नाही. त्वचेवरील डाग साधा तीळ आहे की मेलानोमा हा कर्करोग, हे ठरविताना डर्मोस्कोपने मोठी केलेली प्रतिमा पाहिली जाते. अशा निर्णयांत एकवाक्यता किती असते, याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० अनुभवी तज्ज्ञांनी इंटरनेटद्वारे १०८ प्रतिमा प्रचलित पद्धतींनी तपासल्या.

एकमत मोजताना योगायोगाने जुळलेली उत्तरे वजा करावी लागतात. खर्च वजा केल्यावाचून निव्वळ नफा कळत नाही, तसेच हे.

अभ्यासाचा निष्कर्ष उद्बोधक आहे. तीच प्रतिमा पुन्हा पाहताना प्रत्येक तज्ज्ञ बहुधा स्वतःच्या आधीच्या मताशी सुसंगत राहिला. निदानाच्या पद्धतींबाबत तज्ज्ञांचे परस्परांत बऱ्यापैकी जुळले. मात्र प्रतिमेतील अनेक सुट्या लक्षणांबाबत एकमत अल्पच होते.

तात्पर्य, स्वतःशी सुसंगत असणे म्हणजे अचूक असणे नव्हे. मेलानोमा नजरेतून सुटल्यास तो शरीरात पसरू शकतो. अकारण संशय घेतल्यास निरोगी त्वचेवर शस्त्रक्रिया होते. भारतात हा रोग विरळा असल्याने तो ओळखण्याचा सरावही कमी मिळतो. म्हणून संशयास्पद प्रतिमा दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहून आपले मत सकारण लिहून ठेवावे आणि शंका उरल्यास बायॉप्सी करावी. दुसरे मत मागणे हा पहिल्या तज्ज्ञावरील अविश्वास नसून रुग्णाप्रती असलेले कर्तव्य आहे.