पशुवैद्यकीय दवाखान्यातील औषधसाठा : मोजणी आणि जपणूक

सन २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्याचा फार मोठा भाग अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या दावणीला आहे. अशा घरातील एकुलती एक दुभती म्हैस दगावली, तर त्या घराचा वर्षभराचा हिशेबच कोलमडतो. पशुवैद्यक वेळेवर पोचले, निदानही अचूक झाले. परंतु दवाखान्याच्या कपाटात औषध नाही, किंवा आहे ते निकामी झालेले आहे, तर त्या ज्ञानाचा आणि धावपळीचा पशुपालकाला काहीच उपयोग होत नाही. औषधसाठा सांभाळणे हे कारकुनी काम आहे, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. वस्तुतः ते उपचाराचेच पहिले अंग होय.

मागणी केव्हा नोंदवावी?

साठा संपल्यावर मागणीपत्रक पाठविणे, ही सर्वांत सोपी व सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. मागणी केल्यापासून माल हाती पडेपर्यंत लागणारा काळ हा या हिशेबाचा पाया असतो. एखादे प्रतिजैविक महिन्याला सरासरी १२ बाटल्या लागते आणि पुरवठ्यास तीन महिने लागतात, असे धरले तर वाटेतल्या काळासाठी ३६ बाटल्या हव्यात. पुरवठा लांबल्यास किंवा रोगी जनावरे वाढल्यास हाताशी असावा म्हणून दीड महिन्याचा, म्हणजे १८ बाटल्यांचा, राखीव साठा त्यात मिळवावा. शिल्लक ५४ बाटल्यांवर येताच मागणी रवाना झाली पाहिजे. हा आकडा साठा नोंदवहीत त्या औषधाच्या पानावर ठळकपणे लिहून ठेवला, तर कोणीही कर्मचारी तो पाहून सावध होऊ शकतो.

तथापि, नुसत्या सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. जंतनाशकांची मागणी पावसाळ्याच्या आगेमागे एकदम वाढते. म्हशी मुख्यत्वे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात. साहजिकच त्या काळात कॅल्शियमच्या बाटल्या अधिक लागतात. म्हणून गेल्या महिन्याचा खप पाहण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा खप पाहणे अधिक शहाणपणाचे. मार्चअखेर अनुदान खर्ची घालण्यासाठी एकदम खरेदी केलेला माल पुढे कपाटातच मुदतबाह्य होतो, हाही अनुभव नवा नाही. माल उतरवून घेतानाच मुदतीचा मोठा भाग शिल्लक आहे की नाही, हे खोक्यावर पाहून घेतलेले बरे.

क्वचित लागणारी औषधे

काही औषधे वर्षभरात मोजक्याच वेळा लागतात. पण लागतात तेव्हा त्याच घटकेला हवी असतात. खपाच्या हिशेबाने पाहिले तर ती यादीत तळाशी जातील. प्राण वाचविण्याच्या हिशेबाने ती सर्वांत वर आली पाहिजेत. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत दुग्धज्वराने आडवी झालेली गाय शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर बहुधा उठून उभी राहते. ते न मिळाल्यास काही तासांतच मरू शकते. पावसाने ओढ दिल्यावर ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरांना किराळ लागते. त्या वेळी सोडियम थायोसल्फेट तालुक्याच्या गावाहून आणण्याइतकी सवड नसते.

कपाशी व भाजीपाल्याच्या भागांत कीटकनाशकांच्या विषबाधेवर लागणाऱ्या ॲट्रोपिनची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नोंदवहीत ‘ॲट्रोपिन, १० कुप्या’ अशी शिल्लक पाहून समाधान वाटते. परंतु माणसांच्या उपचारासाठी बनविलेल्या लहान कुपीत केवळ ०.६ मिलिग्रॅम औषध असते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषबाधेत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम एवढेच प्रमाण धरले, तरी ३०० किलो वजनाच्या बैलाला ६० मिलिग्रॅम, म्हणजे अशा १०० कुप्या लागतात. शिवाय मात्रा पुन्हा द्यावी लागू शकते. म्हणजे दहा कुप्यांचा साठा हा मोठ्या जनावराच्या दृष्टीने साठाच नव्हे. कुप्या किती, यापेक्षा त्यांतून किती जनावरे वाचतील, असा प्रश्न विचारून शिल्लक तपासली पाहिजे.

थंडीतही बिघडणारी लस

लसीचा हिशेब पावसाळ्यापासून मागे मोजत जावा लागतो. घटसर्प व फऱ्या हे रोग पावसाळ्याच्या तोंडाशी डोके वर काढतात. लस टोचल्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन ते तीन आठवडे जातात. जूनच्या पूर्वार्धात पाऊस येणार असेल, तर टोचणी मेमध्ये आटोपली पाहिजे आणि लस एप्रिलअखेर दवाखान्यात पोचली पाहिजे. म्हणजेच वर्षातील अत्यंत कडक उन्हात ती वाहून आणावी व सांभाळावी लागते.

बहुतेक लशींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेले आहे. उन्हाने लस बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. गोठल्यानेही ती बिघडते, याची जाणीव मात्र कमी आढळते. घटसर्प, फऱ्या व लाळखुरकूत यांवरील मृत जंतूंच्या लशींत तुरटीसदृश किंवा तेलयुक्त पूरक द्रव्य असते. गोठून पुन्हा वितळल्यावर त्या द्रव्याची घडण मोडते आणि लस निरुपयोगी होते. म्हणून शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात अथवा त्याला टेकून अशी लस ठेवू नये. वारंवार उघडणाऱ्या दारातही ती नसावी. टोचणीच्या फेरीला निघताना बर्फाच्या पिशव्या थेट गोठण कप्प्यातून काढून लसपेटीत घालण्याची घाई टाळावी. पिशवीला घाम सुटून आतील पाणी हलू लागल्यावरच ती वापरावी.

शीतकपाटात तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद घ्यावी, असा नियम आहे. वीज गेल्याच्या वेळाही त्याच तक्त्यात लिहिल्या, तर तो तक्ता खरोखर उपयोगाचा ठरतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यास वीज गेल्यावर थंडावा अधिक वेळ टिकतो. कर्मचाऱ्यांचे डबे मात्र तेथे असू नयेत. दार उघडण्याचे ते एक नित्याचे निमित्त होऊन बसते. उष्णतेने झालेली हानी लस पुन्हा थंड केल्याने भरून निघत नाही. पुष्कळदा अशी लस दिसायला पूर्वीसारखीच असते. तिचा दोष उघड होतो तो गोठ्यात, टोचलेले जनावरही आजारी पडते तेव्हा. पुढील वर्षी त्याच वस्तीवर पथकाला कोणी दावणीपर्यंत येऊ देत नाही.

जिवंत जंतूंच्या, गोठवून वाळविलेल्या लशींचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून पसरू लागलेल्या लंपी चर्मरोगाच्या साथीत गोवंशाला शेळ्यांच्या देवीवरील लस टोचण्यात आली, ती याच प्रकारची. अशा कुपीत सोबतचे द्रावण मिसळल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. १०० मात्रांची कुपी १५ जनावरांच्या वाडीवर फोडली, तर ८५ मात्रा वाया जातात. कुपी किती मात्रांची आहे आणि वस्तीवर जनावरे किती आहेत, याची सांगड आदल्या दिवशी घालून लगतच्या दोन-तीन वाड्या एकाच सकाळी घेतल्यास ही नासाडी पुष्कळ टळते.

कृत्रिम रेतनाच्या कांड्यांची अवस्थाही लशीसारखीच नाजूक असते. उणे १९६ अंश तापमानाचा द्रव नत्र पात्र न उघडताही रोज थोडाथोडा उडून जातो. त्याची पातळी मोजपट्टीने नियमित पाहणे व ती खाली जाण्यापूर्वी भरून घेणे, एवढाच उपाय आहे. कांडी शोधताना ती पात्राच्या तोंडाबाहेर काढून धरली, तर आतील बीज निकामी होते. आणि गाय उलटली की पशुपालकाचे २१ दिवस वाया जातात.

कपाटातून काढून टाकावयाची औषधे

ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी बाहेर, हा क्रम मांडणीतच दिसला पाहिजे; नवा माल मागे, जुना पुढे. वेष्टनावर मुदतीचा केवळ महिना छापलेला असेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते.

मुदत असूनही काढून टाकावी लागणारी औषधे असतात. गिधाडांच्या विनाशास कारणीभूत ठरलेल्या डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्योपयोगी पशूंसाठी २०१९ मध्ये बंद झाले. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही पशूंसाठी बंदी घालण्यात आली. असा आदेश नुसता नस्तीत लावून भागत नाही. त्याच दिवशी कपाट, प्रथमोपचार पेटी व फिरतीची पिशवी तिन्ही तपासावी लागतात. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारे गिधाडही मरते, त्यामुळे पिशवीत राहून गेलेली एखादी कुपीही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मुदतबाह्य व बंदी आलेला माल चालू साठ्यातून वेगळा करून कुलपात ठेवावा आणि त्याची नोंद तुकडी क्रमांकासह स्वतंत्र पानावर घ्यावी. तो उकिरड्यावर फेकणे किंवा गटारात ओतणे नियमबाह्य आहे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू असून, त्यांनुसार मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत आणि सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमा करून अधिकृत केंद्राकडे सोपवावयाच्या असतात.