काळजात दडलेला हिवताप

पारनेर तालुक्यातला एक गडी घ्या. गावी कोरडवाहू शेती. म्हणून तो मुंबईला इमारतीच्या कामावर जातो. असे गडी आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

गणपतीच्या दिवसांत त्याला हुडहुडी भरून ताप आला. दोन घोंगड्या घातल्या तरी थंडी जाईना. मग अंग भाजू लागले. शेवटी घाम सुटला आणि ताप उतरला. एक दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दवाखान्यात रक्त तपासले. हिवताप निघाला.

डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. एक तीन दिवसांच्या, दुसऱ्या चौदा दिवसांच्या. चौथ्या दिवशी ताप पळाला. अंगात त्राण नव्हते, म्हणून गडी गावी आला. आई म्हणाली, “अरे, ताप तर गेला. आता गोळ्या कशाला? उष्ण पडतात त्या.” राहिलेल्या गोळ्या कोनाड्यात गेल्या.

माघात ज्वारीची सोंगणी लागली. ऐन सोंगणीत गड्याला पुन्हा हुडहुडी भरली. शेजारी म्हणाले, “आता तर डासही दिसत नाहीत. मग हिवताप आला कुठून?”

तो बाहेरून आला नाही. तो गड्याच्या काळजातच दडून बसला होता. कसा, ते आपण पाहू.

काळीज म्हणजे कोणते?

काळीज हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. भीतीने काळीज धडधडले म्हणतो, तेव्हा मनात हृदय असते. पण खाटकाकडून आपण काळीज आणतो, ते हृदय नव्हे. ते यकृत. या धड्यात काळीज म्हणजे यकृत समजा.

माणसाचे यकृत पोटाच्या वरच्या अंगाला, उजव्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. त्याची कामे पुष्कळ. घरात जशी धान्याची कणगी, तसे शरीरात यकृत. जेवणातून आलेली साखर ते साठवून ठेवते आणि लागेल तशी रक्तात सोडते. रक्तातली घाण ते निवडून काढते. अन्न पचावे म्हणून पित्त तयार करते.

अशा या भरल्या घरात हिवतापाचा जंतू शिरतो.

डासाच्या सोंडेतून काळजात

हिवताप डासापासून होतो, हे आपण जाणतो. पूर्वी लोकांना वाटे, की दलदलीच्या खराब हवेने तो होतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. तेव्हा डासाचा गुन्हा उघडा पडू लागला.

पण एक कोडे उरले. डास आज चावला, तर ताप लगेच येत नाही. दहा-पंधरा दिवस जातात. तोवर जंतू असतो कुठे? हे कोडे सुटायला पन्नास वर्षे लागली. शॉर्ट आणि गार्नहॅम या दोन शास्त्रज्ञांनी १९४८ साली लंडनमध्ये ते सोडवले. जंतू यकृतात असतो, असे त्यांनी दाखवून दिले.

घडते ते असे. घर जसे विटांचे, तसे आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. डास चावला, की जंतू रक्तात उतरतात. तासाभराच्या आत ते यकृत गाठतात आणि तिथल्या पेशीत शिरतात. तिथे आठवडाभर ते वाढतात. एकाचे हजारो होतात. एवढे होऊनही माणसाला काही कळत नाही. तो शेतात राबतो, जेवतो, झोपतो. त्या दिवसांत रक्त तपासले तरी जंतू सापडत नाहीत.

मग भरलेली पेशी फुटते. जंतूंची झुंड रक्तात येते आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडते. त्या पेशी फुटू लागल्या, की हुडहुडी भरते आणि ताप चढतो.

झोपलेला चोर

आपल्याकडे हिवतापाच्या जंतूंच्या दोन जाती मुख्य आहेत. एक व्हायवॅक्स, दुसरी फॅल्सिपॅरम.

व्हायवॅक्स जात कावेबाज आहे. तिचे सगळेच जंतू लगेच रक्तात येत नाहीत. काही जण काळजातच निजून राहतात. आठवडे, महिने, कधी वर्षभरही. एक दिवस ते जागे होतात आणि पुन्हा ताप येतो. डास चावायची गरजच नाही.

आता त्या गड्याचे कोडे सुटले. तीन दिवसांच्या गोळ्यांनी त्याच्या रक्तातले जंतू मारले. म्हणून ताप गेला. पण त्या गोळ्यांचे काळजातल्या निजलेल्या जंतूंपुढे काही चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरी गोळी असते. तिचे नाव प्रायमाक्विन. ती चौदा दिवस घ्यायची होती. तीच कोनाड्यात राहिली. अंगणातला चोर हाकलला, पण माळ्यावरचा तसाच राहिला!

आणि नुकसान एकट्या गड्याचे नाही. गावातला डास त्याला चावला, की तो जंतू घेऊन शेजारच्या घरी जातो. तिथे लेकरू निजलेले असते.

मात्र प्रायमाक्विन आपल्या मनाने घेऊ नये. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला ती देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसे सांगावे. काही थोड्या लोकांच्या रक्ताची घडण अशी असते, की ही गोळी त्यांना सोसत नाही. गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर गोळी थांबवावी आणि तडक दवाखाना गाठावा. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नयेत.

डोळे पिवळे झाले तर

फॅल्सिपॅरम जात काळजात निजून राहत नाही. पण ती जास्त घातकी आहे. तिच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतात. फुटलेल्या पेशीतून पिवळा रंग निघतो. तो निवडून टाकणे हे यकृताचे काम. पण फुटणाऱ्या पेशी फार, आणि यकृत स्वतःच सुजलेले. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबलेल्या. मग रंग अंगात साठतो. डोळे पिवळे दिसतात, लघवी पिवळीजर्द होते. कणगीही रिकामी पडते. रक्तातली साखर एकदम उतरते आणि रोग्याची शुद्ध हरपू शकते.

अशा वेळी घरचे म्हणतात, “कावीळ झाली.” कोणी काविळीची माळ घालायला नेतो, कोणी नाकात औषध पिळून घेतो. हे सारे मायेपोटीच होते. पण त्यात दोन-चार दिवस जातात. या हिवतापात दोन दिवससुद्धा फार असतात. माणूस हातचा जातो.

प्रत्येक कावीळ हिवतापाची नसते, हे खरे. पण ताप आहे आणि डोळे पिवळे आहेत, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. निदान वेळेवर झाले, तर माणूस बरा होतो. त्याचे यकृतही बहुधा पूर्वीसारखे होते. बरा होईपर्यंत मात्र दारूला शिवू नये. आजारी यकृताला तो दुसरा मार आहे.

गेला म्हणून बसू नका

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, आणि आठ लाख दगावत. १९५३ साली सरकारने मोठी मोहीम सुरू केली. घरोघर डी. डी. टी. फवारली. १९६५ पर्यंत रोगी लाखभरावर आले. लोक म्हणाले, हिवताप संपला. हात ढिले पडले. १९७६ साली रोगी चौसष्ट लाखांवर गेले. त्या गड्याने घरात केले, तेच देशात झाले. ताप दिसेना, म्हणून औषध सोडले.

आज आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, हिवताप पूर्वीसारखा नाही. पण आपली माणसे मुंबईला जातात, परजिल्ह्यात ऊसतोडीला जातात. येताना कोण काळजात काय घेऊन येईल, हे वरून दिसत नाही.

आणि डासाला जागा आपल्याकडे आहेच. १९२६ साली प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. पाटाचे पाणी आले, ऊस पिकू लागला. ते पाणी सोन्यासारखे. पण पाट झिरपून जे डबके साचते, ते डासाचे. हिवतापाचा डास गटारीपेक्षा स्वच्छ पाण्यात वाढतो. डबके, नदीतला डोह, विहीर, सिमेंटची टाकी, हे त्याचे पाळणे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, टाक्या रिकाम्या करून घासाव्या. डबकी बुजवावी. विहिरीत गप्पी मासे सोडावे. रात्री मच्छरदाणीत निजावे.

ध्यानात ठेवा

थंडी वाजून ताप आला, की रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध फुकट मिळते. गावातल्या आशाताईंना सांगितले तरी चालते.

बाहेरगावी कामाला जाऊन आला असाल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. पूर्वी हिवताप झाला असेल, तर तेही सांगा.

ताप गेला तरी गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या.

त्या गड्याने अखेर काय केले? आशाताईंनी रक्त घेतले. गोळ्या पुन्हा मिळाल्या. या खेपेला आईने भिंतीवर कोळशाने चौदा रेघा ओढल्या. रोज एक गोळी, रोज एक रेघ पुसायची. चौदाव्या दिवशी भिंत कोरी झाली.

प्रश्न

१. डास चावल्यावर हिवतापाचा जंतू आधी कुठे जातो?
२. ताप गेल्यावरही चौदा दिवसांच्या गोळ्या का घ्यायच्या?
३. ताप आहे आणि डोळे पिवळे झाले, तर आधी काय करावे?
४. तुमच्या घराजवळ पाणी कुठे कुठे साचते? आज जाऊन पाहा.