इंद्रायणीत कोणते कागद बुडाले?



आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी देहू सोडते आणि पुढचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो. चहूकडे कारखाने, मध्ये हा मुक्काम. पाळी सुटलेले कामगार अंगावरच्या कपड्यांनिशी दर्शनाच्या रांगेत उभे राहतात. अशाच एका मुक्कामी चाकणला कंत्राटी कामावर असलेला एक तरुण आमच्या दिंडीच्या राहुटीत येऊन बसला. गाव मराठवाड्यातले. सोबत पत्नी, तिच्या कडेवर वर्षाचे लेकरू.

पाया पडून तो म्हणाला, "माउली, तुकोबारायांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले म्हणत्यात. माझ्याकडं बी कार्डाचे कागद हायेत. बुडवले तर पाप लागंल का?"

बोलला हसत, पण आवाज कापत होता. पत्नी त्याच्याकडे पाहतच राहिली. तिला यातले काही ठाऊक नव्हते. "किती हाय?" तिने विचारले. तो खाली पाहून म्हणाला, "साठ हजार."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री दिले, ते पुष्कळ तरुण घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या पाठात मांडतो.

तुकोबारायांनी काय बुडवले?

तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, देवघेव होती. इसवी सन १६२९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, व्यापार बसला, घरात मृत्यू झाले. पुढे मन विठ्ठलचरणी स्थिरावल्यावर त्यांनी खतपत्रे बाहेर काढली. ही खते लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी त्यांच्या हाती दिला आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीच्या डोहात सोडले.

ध्यानात घ्या, बुडाले ते येणे, देणे नव्हे. तेही फक्त स्वतःच्या हक्काचे. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपण देणेकरी असताना कागद बुडवावे, असा आधार या चरित्रातून कोणी काढील तर तो उलटा अर्थ होय. माळ घालताना आपण परद्रव्याला हात न लावण्याचा नेम घेतो. कार्डावर जी मोठी मर्यादा छापून येते ती आपली मिळकत नव्हे. तेही परद्रव्यच, आपल्या खिशात ठेवलेले.

कागद जाळून काय झाले?

आपल्याच पुणे जिल्ह्यात दुसरा एक प्रसंग घडला. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारी पाशाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, कित्येकांना तुरुंग भोगावा लागला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. मूळ मुद्दल किती आणि त्यावर व्याज किती चढवले, हे पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. होळीत कागद गेले, पण खरा आधार मिळाला तो हिशेब उघड करून पाहण्याने. आपणही तेच करावयाचे आहे. कागद वाचावयाचा आहे.

कार्डाचा कागद कसा वाचावा?

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देणे, दुसरा 'किमान भरणा'. एकूण देणे मुदतीत चुकते केले तर खरेदीवर व्याज नाही. ते केले नाही की सवलत गेली. खरेदीच्या दिवसापासून व्याज धरतात, आणि नवी खरेदीही त्यात सापडते. कार्डाने रोख पैसे काढले तर सवलतीचा एक दिवसही मिळत नाही, वर शुल्क निराळे.

त्या तरुणाचा हिशेब आम्ही राहुटीतच मांडला. देणे ६०,००० रुपये. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. महिन्याचे व्याज २,१००. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, ३७८. दोन्ही मिळून २,४७८. त्याचा किमान भरणा ३,००० होता. म्हणजे मुद्दल फिटले किती? ५२२ रुपये!

तो म्हणाला, "मी तर इमानदारीनं दर महिन्याला भरतोय."

भरतोस खरा बाळा, पण ती घागर तळाला फुटकी आहे.

नवी खरेदी अजिबात न करता दरमहा ३,००० भरत राहिले तर हे देणे फिटायला ४४ महिने लागतात आणि एकूण १,२९,००० च्या वर रक्कम जाते. आपल्या जुन्या शास्त्रात दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुदलाहून अधिक वसूल करू नये, असा. येथे व्याज महिन्याच्या महिन्याला निघून जाते, म्हणून थकलेले दिसत नाही. पण बेरीज केली तर ती दामदुपटीच्या पलीकडे जाते. ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा कोणी दर कमी करील म्हणून वाट पाहात बसू नये.

आता तेच देणे दरमहा ६,००० भरून पाहा. चौदाव्या महिन्यात फिटते आणि एकूण सुमारे ७९,००० लागतात. हप्ता दुप्पट झाला, पण मुदत तिपटीने घटली आणि पन्नास हजार रुपये घरात राहिले.

फेडीचा नेम

१. नवरा-बायकोने एकत्र बसून सर्व देणी एका वहीत लिहावी. कार्ड, मोबाइलचा हप्ता, दुकानदाराची उधारी, मित्राची उसनवारी, सगळे. झाकलेले देणे व्याजाहून वेगाने वाढते, कारण ते लपविण्यासाठी दुसरे काढावे लागते. महिपतिबुवांच्या चरित्रात जिजाईंनी आपल्या नावे कर्ज काढून तुकोबांना व्यापाराला भांडवल मिळवून दिल्याची कथा आहे. घरधनिणीला अंधारात ठेवून प्रपंच सावरत नाही.

२. फेड होईपर्यंत त्या कार्डाने काडीचीही खरेदी करू नये. एकादशीला जसे अन्न समोर असूनही आपण हात लावीत नाही, तसे.

३. पगार झाल्या दिवशीच ठरलेली रक्कम भरावी. उरले तर भरू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. कार्डे दोन असतील तर दोन्हींचा किमान भरणा करून उरलेला जोर जास्त दराच्या कार्डावर लावावा.

४. कामगारांच्या पतपेढीतून कमी दराने कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्ड एकदम फेडणे शहाणपणाचे. समजा दर वर्षाला १२ टक्के असला, तर त्याच ३,००० च्या हप्त्याने ६०,००० रुपये २३ महिन्यांत फिटतात आणि व्याज सात-साडेसात हजारांवर थांबते. मात्र कार्ड त्याच दिवशी बंद करावे, नाहीतर एका कर्जाची दोन होतात.

५. हप्ता झेपतच नसेल तर फोन टाळू नये. बँकेशी बोलून देणे ठरावीक हप्त्यांत बांधून मागावे. 'तडजोड' करून थोडक्यात मिटविण्यापूर्वी विचार करावा, कारण तशी नोंद पतइतिहासात राहते व पुढे घरासाठी कर्ज मागताना आड येते.

देणेकऱ्यालाही मान आहे

देणे आहे म्हणून कोणी अपमान करावा, असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातलगांत बदनामी करू नये. न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. पूर्ण देणे फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. विलंब झाल्यास दर दिवशी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, त्याला शुल्क नाही.

आणखी एक. देणे झाले की माणूस लाजेने भजनाला येईनासा होतो. असे करू नये. ज्यांचे दिवाळे निघाले, त्याच तुकोबारायांच्या पालखीमागे आपण चालतो.

त्या रात्री ती माउली उठताना नवऱ्याला एवढेच म्हणाली, "माझ्या बाळंतपणाला झालं ना हे? मग मला का सांगितलं नाही?" त्याला उत्तर देता आले नाही. पण वही त्याच आठवड्यात झाली. मोटारसायकल सोडून तो कंपनीच्या बसने जाऊ लागला, तिने शेजारच्या खोल्यांतील एकट्या पोरांचे डबे सुरू केले. पुढच्या आषाढीला आकुर्डीलाच भेटले. दोन हप्ते राहिले होते, त्यातला शेवटचा तर अगदी थोडका. वही तिने पिशवीतून आणली होती, ती पालखीच्या खांबाला लावून परत पिशवीत ठेवली.

घरी विचारावयाचे प्रश्न

आपल्या घरी असे एखादे देणे आहे का, जे एकालाच ठाऊक आहे?
गेल्या महिन्याच्या भरण्यातून मुद्दल किती फिटले?
आपले कोणाकडे येणे असेल आणि तो खरोखर गांजलेला असेल, तर त्यातला आपला वाटा सोडण्याची आपली तयारी आहे का?

शेवटचा प्रश्न कठीण आहे. परंतु इंद्रायणीच्या डोहाची गोष्ट सांगण्याचा अधिकार त्याच्या उत्तरातून येतो.

रामकृष्णहरि.