शोधसूची आणि तिची निगा

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एका विद्यार्थिनीने वक्तृत्वस्पर्धेसाठी एक चरित्र शोधले. ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळाले व ती रिकाम्या हाताने परतली. ग्रंथ मात्र कपाटात होता. त्याची नोंदही झालेली होती. मग चूक कोठे झाली? तिचा माग घेताना जे उमगले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवतो.

शोध घेताना संगणक साऱ्या नोंदी वाचीत बसत नाही. ग्रंथाच्या अखेरीस असते तशी एक शब्दसूची तो निराळी बाळगतो. प्रत्येक शब्दापुढे, तो ज्या नोंदींत येतो त्यांचे क्रमांक असतात. म्हणून उत्तर क्षणार्धात मिळते. परंतु नोंद बदलली आणि सूची तशीच राहिली, तर नवे सापडत नाही व काढून टाकलेले सापडत राहते.

डग कटिंग यांनी तयार केलेल्या ‘ल्युसीन’ या प्रणालीत सूचीचे लहान लहान खंड असतात. नवी नोंद नव्या खंडात जाते. रद्द नोंदीवर केवळ खूण होते आणि पुढे खंड एकत्र करताना ती गळून पडते. दुरुस्ती म्हणजे जुनी नोंद रद्द करून नवी घालणे.

पण सूचीला बदल कळवावा कोणी? नोंद साठवून लागलीच सूचीस कळवावे, हा सोपा मार्ग. मात्र मध्येच संपर्क तुटला, तर नोंद होते आणि सूची मागे राहते. आमच्याकडे हेच घडले होते. म्हणून नोंद आणि ‘बदल झाला’ अशी चिठ्ठी, ही दोन्ही मूळ संग्रहात एकाच व्यवहारात लिहावीत. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. चिठ्ठ्या क्रमाने वाचून सूची सुधारावी आणि काम पुरे झाल्यावरच चिठ्ठी खोडावी. शिवाय अधूनमधून संपूर्ण सूची बाजूला नव्याने रचावी, मधल्या काळातील बदल तीतही घालावेत, ती पडताळावी आणि मगच जुनीच्या जागी ठेवावी.

वाचकाचा वेळ वाचवा व ग्रंथालय सतत वाढत असते, हे दोन्ही नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले आहेत. वाढत्या संग्रहाची सूची थांबली, की वाचकाचा वेळच काय, संधीही जाते.

नवी सूची तयार होताच आम्ही प्रथम तेच चरित्र शोधले. ते तत्काळ सापडले. स्पर्धा मात्र होऊन गेली होती.