नाव आधी नोंदवा, मग पाळणा हलवा

माझ्या लेकीचं नाव माझ्याआधी डेकोरेशनवाल्याला ठाऊक होतं. पाळण्यामागे झेंडूच्या माळांचा पडदा सोडलेला. नणंद बाळाच्या कानाशी वाकली, बायकांनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घातले आणि कुणीतरी पडदा सारला. मागे पुठ्ठ्याची सोनेरी अक्षरं: विहांशी. असली अक्षरं ऐनवेळी कापून मिळत नाहीत. ऑर्डर आधीच गेलेली होती. आणि आदल्या संध्याकाळी "वहिनी, शरयूतला यू दीर्घच ना गं?" असं मला विचारणारी हीच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा पेढ्यांचं ताट धरून उभा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून काय ते कळलं.

शरयू हे माझ्या आईचं माहेरचं नाव. 1984 साली लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, आणि शरयू तिथेच संपली. तिला शरू म्हणणारा आता एकच मामा उरलाय. आजीचं नाव नातीला द्यायचं तर सासरी मिळालेलं कशाला, पुसलेलं द्यावं, असं मी गरोदरपणातच घरात सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना कुणी लेखी घेत नाही, हाच घोळ.

बारशानंतर खुलासे सुरू झाले. सासूबाई विमल, सासरे हंसराज. दोघांचा मान राहावा म्हणून विमलमधला 'वि', हंसराजमधला 'हं'. 'शी' कुठून आली ते विचारायचं धाडस मी केलं, तर उत्तर आलं, "तसं छान वाटतं." वर पत्रिकेचा आधार: नक्षत्र रोहिणी, तिसरं चरण, अक्षर 'वी'. अहो, मग 'वी'वरून जन्मनाव ठेवा की! ते पत्रिकेत राहतं, पूजेच्या संकल्पाला लागतं, शाळेच्या हजेरीत येत नाही. कितीतरी घरांत दोन नावं असतात. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही होतं.

आई मागच्या रांगेत बसली होती. घुगऱ्यांची वाटी हातात, हसरा चेहरा. घरी जाताना म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांच्या घरची पोर आहे." नणंदेपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं.

मी जाऊ दिलं नाही. दवाखान्यातून जन्माची नोंद गेली तेव्हा नावाचा रकाना रिकामा होता, तो मी भरला. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी हे नीट वाचावं. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो, पण नाव त्याच वेळी द्यावंच लागतं असं नाही. पुढे 12 महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. एकदा लिहिलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं. आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला लागणार आहे. म्हणून दवाखान्यातला तो कागद दीर किंवा मामेसासरे "मी भरून टाकतो" म्हणाले तरी त्यांच्या हाती देऊ नका. बारशाच्या आधी दोघांनी जाऊन नाव नोंदवून या. मग कानात कुणी काहीही सांगो. "परस्पर नाव घातलंस" हे ऐकावं लागतं. मी अजून ऐकते आहे.

दुसरं, तांदळात नाव लिहिणार असाल तर अंगठी आजीच्या हातात द्या, ज्या आजीचं नाव असेल तिच्याच. मानही होतो आणि पाहुण्यांसमोर नाव उघडंही पडतं. मग पडद्यामागून काही काढता येत नाही. हे मला उशिरा सुचलं.

आजी-आजोबांची आठवण ठेवायचे मार्ग काही कमी नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एकाने आजोबा दिनकर म्हणून मुलाचं नाव मिहिर ठेवलं, सूर्य तोच. आजीच्या गावची नदी, आजोबांचा आवडता राग, कुणाचं टोपणनाव, काहीही चालतं. अक्षरं जोडायचीच असतील तर नाव मोठ्याने दहादा हाक मारून बघा. बाकी एकमेकांशी बोला, समजून घ्या, वगैरे वगैरे.

आणि "आजोबांचंच नाव ठेवायची रीत आहे" हे कुणी ऐकवलं तर मान्य करा. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. रीत आहेच. पण आजीचं नाव असं फिरून आलेलं मला तरी शाळेच्या इतिहासात भेटलं नाही. तेव्हा आजीच्या नावासाठी भांडावं लागेल हे धरूनच चाला, आणि आईकडची आजी असेल तर दुप्पट.

लेक 1 मे 2024 नंतरची, त्यामुळे सरकारी कागदांवर तिच्या नावामागे आधी माझं नाव येतं, मग तिच्या बाबांचं. सासूबाईंनी तो दाखला चष्मा लावून दोनदा वाचला. विमल हंसराज कुठे दिसतात का ते बघत असाव्यात. खरं तर त्यांच्या माहेरचं नाव मी विचारलं होतं, सातव्या महिन्यातच. म्हटलं होतं, दुसरं बाळ झालं तर ते ठेवू. "मला आठवत नाही," म्हणाल्या. यावर माझा अजूनही विश्वास नाही.

घरात निम्मे लोक तिला विहांशी म्हणतात. ती आता शरू म्हटल्यावरच वळते, मामाला तर लगेच ओ देते. आत्याने दिलेल्या चांदीच्या वाटीवरही विहांशीच कोरलंय. मी ती वाटी वापरत नाही. मोडीत काढू म्हटलं तर नवऱ्याला वाईट वाटतं. वाटू दे.