घर लहान, पेटी लहान

प्रश्न : मला ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घ्यायचे आहेत, घरच्यांना एकच छोटी पेटी हवी. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, शेलूबाजार (जि. वाशीम)

उत्तर : बहुतेक घरच्यांचेच. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात; म्हणजे 10 वॅटऐवजी 20 वॅटची पेटी घेतली तर फरक जेमतेम 3 डेसिबलचा. दहा बाय बाराच्या खोलीत त्यासाठी पैसे कशाला ओतायचे? 2017 मध्ये आलेल्या सारेगामा कारवाँ या पेटीत 5000 गाणी आधीच भरलेली होती आणि बटण फिरवले की गाणे सुरू व्हायचे. घरात वाजण्यासाठी हा सोपेपणाच कामी येतो. ज्याला चार वायरी आणि तीन रिमोट लागतात, ते यंत्र तुमच्याशिवाय कोणी लावत नाही.

तुम्ही म्हणाल, छोट्या पेटीत तबल्याचा बायाँ घुमत नाही. खरे आहे, स्पीकरचा छोटा पडदा पुरेशी हवा हलवू शकत नाही. पेटी कोपऱ्याजवळ ठेवली तर खर्ज थोडा भरतो, कधी गढूळही होतो. स्टिरिओचे म्हणाल, तर त्याची खरी मजा दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसणाऱ्यालाच मिळते, स्वयंपाकघरातल्या माणसाला नाही. रोज तासभर एका जागी बसून ऐकत असाल, तर मात्र जोडी जरूर घ्या, पण बुकशेल्फ आकाराची.